घराचे दोन गुण

घाडीसरांनी निशाची उत्तरपत्रिका उलटी धरली, मग आडवी धरली, शेवटी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. तरीही घर काही सापडेना.

प्रश्न सहावा तसा सरळ होता. ‘तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा. दिशा दाखवा. वाटेतील किमान तीन खुणा लिहा. गुण पाच.’ मालाड पूर्वेच्या त्या महापालिका शाळेत पुनर्परीक्षेला सात मुले बसली होती. बाकीच्या सहाही जणांनी तो प्रश्न तितक्याच सरळपणे सोडवला होता. डाव्या कोपऱ्यात त्रिकोणी छपराचे घर, उजव्या कोपऱ्यात झेंडा लावलेली शाळा, मधे एक नागमोडी रस्ता आणि रस्त्याच्या कडेने देऊळ, दुकान, झाड. सहांपैकी एकाच्याही घराला त्रिकोणी छप्पर नव्हते. चौघे तर झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सात मजली इमारतींत राहत होते. पण घर म्हटले की त्रिकोण काढायचा, हे मुलांना कोण शिकवते कोण जाणे. घाडीसरांनी त्या सगळ्या त्रिकोणांना मुकाट्याने दोन-दोन गुण दिले होते, कारण वरून आलेल्या उत्तरसूचीत तसे लिहिले होते. घर दोन गुण, वाट आणि शाळा एक, खुणा एक, दिशा एक.

निशाच्या नकाशात शाळा होती. वाट होती. उत्तर दिशेचा बाण अगदी बरोबर होता, आणि हा बाण सरावासाठी येणाऱ्या डी.एड.च्या मुलींचाही हमखास चुकतो, हे घाडीसरांनी डोळ्यांनी पाहिले होते. खुणा तर तीन मागितल्या होत्या, तिने अकरा दिल्या होत्या. दाताची पाटी. पंप, कंसात ‘हवा फुकट’. मेट्रोचा खांब, त्याच्यावरच्या नंबरासकट. नळ, कंसात ‘पहाटे’. वॉचमन काका, कंसात ‘चांगले’. पुढच्या गेटवर पुन्हा वॉचमन काका, कंसात ‘वाईट’. प्रत्येक खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत किती पावले तेही लिहिलेले. आणि वाट जिथून सुरू व्हायला हवी तिथे, चारी बाजूंनी व्यवस्थित रेघ मारून सोडलेली, तळहाताएवढी कोरी जागा.

घाडीसरांनी एकूण गुण पुन्हा मोजले. परिसर अभ्यासात सोळा. पास व्हायला अठरा लागतात. सवलतीचे गुण गणितातच संपले होते.

मधली कित्येक वर्षे आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नाही असा नियम होता. तेव्हा घाडीसर स्टाफरूममध्ये तावातावाने म्हणायचे, की ढकलगाडीवर बसवून मुले वर पाठवली तर ती शिकणार कधी? मग नियम फिरला. पाचवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झाल्यास जूनमध्ये आणखी एक संधी, त्यातही नापास झाल्यास पुन्हा पाचवी. आपलेच म्हणणे सरकारने ऐकले म्हणून सर आठवडाभर खुशीत होते. मग नापासांची पहिली यादी हातात आली आणि त्यांची खुशी उतरली. यादीतली निम्मी मुले अशी होती, की ती वर्षातून चार वेळा राहती जागा बदलत. त्यांना शाळा सापडत होती, हेच नवल होते.

‘‘सर, आज पेपर जमा करताय ना?’’ दारातून मुख्याध्यापिका गंधाली राऊत यांनी विचारले. वयाने त्या सरांपेक्षा बारा वर्षांनी लहान, विभागीय परीक्षा देऊन वर आलेल्या. कुणावर आवाज चढवत नसत आणि कुणाला सूटही देत नसत.

‘‘सोमवारी देतो मॅडम. एक उत्तर जरा बघायचंय.’’

‘‘बघायचं काय त्यात? सूची आहे ना?’’

‘‘सूची आहे,’’ सर म्हणाले. ‘‘घर नाहीये.’’

मॅडमना काही उमगले नाही. त्या घाईत होत्या, गेल्या.

घाडीसरांचा स्वभावच चौकस. एखादी गोष्ट कळली नाही की त्यांना जेवण गोड लागत नसे, आणि बायकोला, शेवंतीला, तेवढ्यावरून त्यांच्या डोक्यात किडा वळवळतो आहे हे कळत असे. पुढल्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. या वयात माणसे पेन्शनच्या कागदांची चौकशी करतात. घाडीसरांनी नकाशाची झेरॉक्स काढली, ती घडी घालून खिशात ठेवली आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर गेटात उभे राहून उलट्या दिशेने चालायला सुरुवात केली.

गेटापासून दाताच्या पाटीपर्यंत निशाच्या हिशेबाने दोनशे बारा पावले होती. सरांची दीडशेच भरली. मग त्यांच्या लक्षात आले, की दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे पाऊल लहान असणार. ते पुन्हा गेटाशी आले आणि पाऊल आखूड टाकत निघाले. धोतर नेसून पहिल्यांदाच चालणाऱ्या माणसासारखी ती चाल पाहून केळीवाला हसला. पण दोनशे नऊ भरली, आणि डोक्यावर खरेच दवाखान्याची पाटी होती, तिच्यावर हातभर लांबीची पांढरीशुभ्र दाढ.

तिथून पुढे सरांना थांबवणे कठीण होते. पंपावर हवा खरेच फुकट होती. नळ पंपाच्या मागच्या भिंतीला होता, या वेळी कोरडा. चांगल्या वॉचमनने ‘‘या मास्तर, बसा’’ म्हणून खुर्ची पुढे केली. पुढल्या गेटवरच्याने ‘‘ए काका, इथं उभं राहू नका’’ म्हणून हटकले, तेव्हा सरांना इतका आनंद झाला, की ते त्याच्याकडे बघून हसले. नकाशा काटेकोर होता. तेहतीस वर्षांच्या नोकरीत पाचवीतल्या पोराने असा नकाशा काढलेला त्यांनी पाहिला नव्हता. आणि या मुलीला आपण सोळा गुण देऊन बसलो आहोत!

हायवेच्या उड्डाणपुलाखाली, खांब नंबर मोजत मोजत, सर त्या कोऱ्या जागेपाशी पोचले.

तिथे बाग होती. ताजा हिरवा रंग दिलेले लोखंडी कठडे, आत लाल माती, मातीत गुडघाभर उंचीची झाडे आणि ‘सुशोभीकरण’ असे लिहिलेला फलक. कठड्याच्या आत एक माणूस पाइपने पाणी घालत होता. त्याच्या टोपीवरून आणि उभे राहण्याच्या ढबीवरून तो आपल्याच कोकणातला हे सरांनी ओळखले आणि गावच्या बोलीतच सुरुवात केली.

‘‘हय माणसां रवत होती ना?’’

माणसाने पाण्याची धार खाली वळवली. ‘‘होती तर. तुमी मास्तर काय? वाटलाच माका.’’ त्याचे नाव धाकू, गाव वैभववाडीकडचे. ‘‘मागल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी गाडी इली, सगळ्यांका उचलल्यानी. तिसऱ्या दिवशी माका झाडां घेऊन हय धाडल्यानी. मी काय करतलंय?’’

‘‘तुका कोण बोलता रे,’’ सर म्हणाले. ‘‘एक बाई होती, पोरगी शाळेत येता तिची.’’

‘‘मंजुळा. ती आता देवळाकडे फुलां ओवित बसता, थय बघा.’’ धाकूने हाताने दिशा दाखवली आणि मग थोडे थांबून म्हणाला, ‘‘ती पोरगी परवा हय इली होती. कठड्याभायर उभी रवान झाडां मोजीत होती. कित्याक काय माहीत.’’

खुणाखुणांतली पावले मोजणारी मुलगी आपल्या जागेवर काय आले तेही मोजणारच, हे सरांना कळले. मंगळवारी गाडी आली आणि परिसर अभ्यासाचा पेपर बुधवारी सकाळी होता. एवढा हिशेब त्यांच्या डोक्यात चालता चालताच झाला होता.

देवळाच्या भिंतीला पाठ लावून मंजुळा मोगऱ्याचे गजरे करत होती. समोर ओल्या फडक्यावर कळ्यांचा ढीग, शेजारी निशा. सरांना पाहताच निशाने हातातला दोरा खाली टाकला आणि उभी राहून वर्गात म्हणतात तसे ‘‘नमस्ते सर’’ म्हटले. मंजुळाने डोक्यावर पदर घेतला. आजूबाजूला बसायला काही नव्हते, म्हणून सर पायरीवरच टेकले.

‘‘निशा, नकाशा झकास काढलास. मी चालून आलो सगळा.’’

निशाचे डोळे मोठे झाले. ‘‘चालून, सर?’’

‘‘दाताच्या पाटीपाशी तीन पावलं चुकली. तुझी की माझी, देव जाणे.’’

‘‘तिथं खड्डा आहे ना सर, त्याला वळसा मारावा लागतो,’’ ती लगेच म्हणाली.

‘‘बरं. पण मला एक सांग. घर का नाही दाखवलंस?’’

‘‘नव्हतं ना.’’

‘‘अगं, आदल्या दिवशीपर्यंत तर होतं. तेच काढायचं.’’

निशा विचारात पडली. सर एवढे साधे कसे विसरले, असे काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होते. ‘‘सर, तुम्हीच बोललेले ना. चित्रात मनातलं काढायचं आणि नकाशात जे आहे तेच काढायचं. नकाशात नसलेलं काढलं तर बघून चालणारा माणूस चुकतो.’’

घाडीसर हे वाक्य दर वर्षी सप्टेंबरात, नकाशाचा धडा आला की, खडू उंच धरून म्हणत. तेहतीस वर्षे म्हणत आले होते. ते कुणी ऐकत असेल अशी त्यांना कधी शंकाही आली नव्हती.

‘‘मग ती जागा का सोडलीस?’’

‘‘परत आलो तर,’’ निशा म्हणाली.

मंजुळाचे हात या सगळ्या वेळात थांबले नव्हते. आता ते थांबले. ‘‘सर, पास हुईल ना ती?’’

‘‘बघू. एक-दोन गुणांचा प्रश्न आहे.’’

‘‘न्हाई म्हंजे, आधीच सांगा. मागं भाड्याची खोली होती तवर जमत हुतं. आता डेपोच्या भिंतीला ऱ्हातोय, तिथनं बी कवा हाकलतील नेम न्हाई. परत पाचवीतच बसवणार असाल तर मी तिला कल्याणला भनीकडं धाडते. भनीला तान्हं हाय, ते सांभाळील. दोन घास तरी एका जाग्यावर खाईल.’’ तिने निशाकडे पाहिले नाही. ‘‘सहावीत गेली तर न्हाई धाडणार. सहावी म्हंजे काहीतरी झाल्यागत हाय.’’

निशा पुन्हा खाली बसली आणि कळ्या निवडू लागली. सरांनी उठताना एक गजरा घेतला. शेवंती आता गजरा माळत नाही, हे त्यांना घरी पोचल्यावर आठवले.

शनिवारी सकाळी ते झेरॉक्स घेऊन मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले आणि जे पाहिले ते सगळे सांगितले. पावले, दाढ, दोन्ही वॉचमन, बाग. गंधाली मॅडमनी मधे एकदाही तोडले नाही. सांगून झाल्यावर त्यांनी नकाशा आपल्याकडे वळवून घेतला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

‘‘नळ ‘पहाटे’ म्हणजे?’’

‘‘पंपवाला तेवढा वेळ उघडा ठेवतो.’’

‘‘अच्छा.’’ त्यांनी नकाशा परत दिला. ‘‘सर, सूचीत ‘घर’ लिहिलंय. रिकामी जागा असं लिहिलेलं नाही.’’

‘‘पण मॅडम, तिचं उत्तर बरोबर आहे. त्या दिवशी तिथं खरंच घर नव्हतं.’’

‘‘बरोबर असेल. सूचीप्रमाणे नाहीये. हे सातही पेपर विभाग कार्यालयात जाणार, तिथं कुणी पावलं मोजायला बसलेलं नाही. नसलेल्या घराला दोन गुण दिले म्हणून मला मेमो येईल, तुमची पेन्शन अडकेल आणि तिचे गुण ते कापतील ते कापतीलच.’’

‘‘मग तिला बोलावून पुन्हा काढायला सांगू? दोन मिनिटांचं काम.’’

‘‘पेपर झाला सर.’’ मॅडमच्या आवाजात राग नव्हता. ‘‘सोमवारी द्या मला.’’

सर बाहेर आले ते मनात चरफडतच. राग मॅडमवर नव्हता. कुठे तरी कुणी तरी बसून ‘घर दोन गुण’ असे लिहिले असेल आणि लिहिताना त्याच्या मनात काहीही आले नसेल, त्या माणसावर होता. आणि खरे सांगायचे तर थोडा स्वतःवरही होता. हाच प्रश्न त्यांनी चाचणीत कितीदा तरी घातला होता.

रविवारी सकाळी शेवंती आत बांगडे साफ करत होती आणि घाडीसर बाहेरच्या खोलीत टेबलाशी निशाची उत्तरपत्रिका पुढ्यात घेऊन बसले होते. हातात पेन्सिल होती. पेन्सिलीला टोक काढून पाऊण तास झाला होता.

तेहतीस वर्षांत त्यांनी कुणाच्या पेपरात काना-मात्रा वाढवली नव्हती. सख्खा पुतण्या, हर्षद, याच शाळेत त्यांच्याच वर्गात होता. त्याला सहामाहीला तेरा गुण पडले तर त्यांनी तेराच ठेवले. पुढच्या गणपतीला गावी गेले तेव्हा वहिनी त्यांच्याशी पाच दिवस बोलली नव्हती. ताटात मोदक वाढले, पण बोलली नाही. सरांना त्याचा अभिमान होता. मुलांना ते ही गोष्ट सांगतही असत.

‘‘काय करतास हो एवढो वेळ?’’ आतून शेवंती ओरडली.

‘‘पेपर तपासतंय.’’

‘‘सात पेपर? सकाळधरना?’’

सहावीत गेली तर नाही धाडणार, असे मंजुळा म्हणाली होती. त्यांनी पेन्सिल टेकवली. निशाने तळहाताएवढी जागा सोडली होती. सरांनी तिच्या एका कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढे घर काढले. चोरी करायचीच तर ती लहान असावी, अशी काहीतरी त्यांची समजूत असावी. रेघा भराभर आल्या. अर्ध्या मिनिटात काम झाले. सरांनी पान नीट पाहिलेसुद्धा नाही. सहाव्या प्रश्नासमोर तीनचे पाच केले, पहिल्या पानावर सोळाचे अठरा, दोन्हीकडे बारीक सही, आणि पेपर गठ्ठ्यात मधोमध सरकवून दिला.

दुपारी जेवताना त्यांना बांगड्याची चव लागली नाही. तरी मनातून त्यांना बरे वाटत होते. आणि बरे वाटते आहे याची लाज वाटत होती.

सोमवारी गंधाली मॅडम गठ्ठा घेऊन बसल्या आणि सरांना समोरच्या खुर्चीत बसवले. पहिले तीन पेपर भराभर उलटले, सह्या झाल्या. चौथा निशाचा. त्यांनी पहिले पान पाहिले, अठरा पाहिले, दोन पाने उलटली आणि थांबल्या. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

‘‘सर, हे काय आहे?’’

सर वाकले. पानावर घर होते. उतरत्या कौलांचे, कौलांची एकेक ओळ दाखवलेले. पुढे पडवी. पडवीला दोन पायऱ्या. अंगणात तुळशीवृंदावन आणि एका बाजूला माड, तोही किंचित वाकडा. नखाएवढ्या जागेत हाताने सगळे गाव आणून बसवले होते आणि डोक्याला पत्ता लागू दिला नव्हता. सरांच्या कानशिलांत ऊन भरले.

‘‘फ्लायओव्हरखाली तुळशीवृंदावन,’’ मॅडम हळूच म्हणाल्या.

वर्गात मुलाची चिठ्ठी पकडली की मूल जसे जमिनीकडे बघते, तसे सर जमिनीकडे बघत राहिले. मेमो, चौकशी, निवृत्तीच्या तोंडावर शिंतोडे, हे सगळे एका क्षणात त्यांच्या मनात येऊन गेले. आणि या सगळ्यापेक्षा, आपल्या मूर्खपणामुळे पोरगी आता कल्याणला जाणार, याचे दुःख जास्त होते.

‘‘गावचं घर अजून आहे तुमचं?’’ मॅडमनी विचारले.

‘‘आहे. भाऊ बघतो.’’

‘‘पायऱ्या दोनच?’’

‘‘तीन होत्या. खालची मातीत गेली.’’

‘‘आमच्या पालघरच्या घराला पायऱ्याच नव्हत्या,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पाणी आत यायचं.’’ त्यांनी हात पुढे केला. ‘‘खोडरबर आहे?’’

सरांनी खिशातून काढून दिला. मॅडमनी पान एका हाताने घट्ट दाबून धरले आणि आधी माड खोडला. मग तुळस. मग पायऱ्या, मग पडवी. कौलांच्या ओळी त्यांनी एकेक करून पुसल्या. सर पाहत होते. गंमत अशी, की प्रत्येक ओळ पुसली जाताना त्यांना थोडे वाईट वाटत होते, जणू खरेच कुणी छप्पर उतरवत होते. शेवटी पानावर एक चौकोन, वर एक त्रिकोण आणि एक दार एवढेच उरले. बाकीच्या सहा पेपरांत होते तसेच.

मॅडमनी फुंकर मारून कीस उडवला, खाली सही केली आणि पाचवा पेपर पुढे ओढला.

‘‘दिशा बरोबर आहे हो हिची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला अजून उत्तर दिशा पटकन सांगता येत नाही.’’

पुनर्परीक्षेचे पेपर पालकांना दाखवायचे आणि पाहिल्याची सही घ्यायची, असा नियम होता. बुधवारी पालक आले. कुणी पहिले पान पाहून सही केली, कुणी न पाहताच. मंजुळा शेवटी आली. फुलांची टोपली दाराबाहेर ठेवून, निशाला पुढे करून, बाकाच्या कडेवर बसली.

‘‘पास झाली,’’ सरांनी आधीच सांगून टाकले. ‘‘सगळ्यात. सहावीत जाईल.’’

मंजुळाने हात जोडले, सरांना की भिंतीवरच्या सरस्वतीला, ते कळले नाही. डोळे पुसले. मग उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन पाने उलटू लागली. अक्षरओळख नसलेल्या माणसाने नुसती पाने उलटावीत तशी ती उलटत होती, आणि सहाव्या प्रश्नापाशी तिचा हात थांबला.

‘‘ही शाळा!’’ ती म्हणाली. तिने शाळेवर बोट ठेवले आणि ते वाटेवरून हळूहळू पुढे नेऊ लागली. ‘‘हा दात. हा पंप. हा नळ, व्हय गं? आन् हा तो मेला वॉचमन.’’ ती हसली. सरांनी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिले. तिला एकही अक्षर येत नव्हते आणि ती नकाशा घडाघडा वाचत होती. ‘‘हा खांब. हा बी खांब. आन् इथं...’’

बोट थांबले.

निशा आईच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. तिने घर पाहिले. मग मान वर करून सरांकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. एखादे गणित सुटले आहे, पण कसे ते कळत नाही, तशी ती पाहत होती. घाडीसरांना वाटले, आता ही विचारणार. विचारावेच तिने, असेही वाटले. त्यांनी टेबलावरचा पेन उचलला, टोपण काढले, पुन्हा लावले.

मंजुळा अजून त्या नखाएवढ्या घराकडे बघत होती. त्याच्या भोवतालच्या मोकळ्या कागदावरून तिने बोट फिरवले, एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत.

‘‘एवढी जागा हुती की गं,’’ ती निशाला म्हणाली. ‘‘मग एवढंसं का काढलंस? मोठं काढायचंस ना.’’

निशाने सरांवरची नजर काढली आणि पानाकडे पाहिले.

‘‘पेपरची वेळ संपली, आई,’’ ती म्हणाली.

घाडीसरांनी पेन मंजुळापुढे धरला. नाव लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल, हे सांगायचे राहूनच गेले. त्यांनी नुसते बोटाने दाखवले, सही कुठे करायची ते.